दहा तारखेच्या आत

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या पेठेत एक फेरफटका मारला की मोठी मौज पाहायला मिळते. किराणामालाच्या दुकानात चौरंगावर नवी लाल चोपडी मांडलेली असते, तिच्या पहिल्या पानावर ‘श्री’ काढलेला असतो, भोवती झेंडूची फुले असतात. आणि तिच्याच शेजारी तितक्याच ऐटीत संगणक विराजमान झालेला असतो. त्यालाही हळदकुंकू, त्यालाही अक्षता! वर्षभराचा सारा हिशेब त्या यंत्राच्या पोटात आणि नैवेद्य मात्र कोऱ्या वहीला. कोणी याला भाबडेपणा म्हणेल. मला त्यात व्यापाऱ्याचे शहाणपणच दिसते. वही गेली तरी हिशेब गेलेला नाही हे त्याला पक्के ठाऊक असते, आणि तो पूजा करतो ती हिशेबाची.

बदल या विषयावर बोलण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही. मी काही पंडित नव्हे. बँकेतला एक साधा कारकून. पण १९७२ साली मी खुर्चीवर बसलो आणि २०१० साली उठलो, त्या अडतीस वर्षांत माझ्या टेबलावरची एकही वस्तू जागेवर राहिली नाही. दौत गेली, टाक गेला, पितळी टोकने गेली, हातभर रुंदीची लेजरे गेली, आणि मी निवृत्त झाल्यावर तर दारावरची पाटीसुद्धा गेली. एवढ्या स्थित्यंतरांतून माणूस धडधाकट बाहेर पडला, तर त्याला दोन गोष्टी सांगण्याची लहर येणारच. आणि दिवाळी अंकाचा वाचक फराळ करून निवांत बसलेला असल्यामुळे त्याला सुटका नसते!

बदलाचा पहिला धडा मात्र मला बँकेत मिळाला नाही. तो मिळाला वाईच्या बाजारपेठेत, अण्णांच्या दुकानात. अण्णा म्हणजे माझे वडील. १ एप्रिल १९५७ रोजी देशात नवे पैसे आले तेव्हा मी सात वर्षांचा होतो. सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. अधेली आणि पावली यांची काही अडचण नव्हती. त्यांचे पन्नास आणि पंचवीस सरळ होत. घोटाळा होता तो सुट्या आण्यांचा. एक आणा म्हणजे हिशेबाने सव्वासहा पैसे. पण पाव पैसा द्यायचा कुठून? म्हणून सरकारी तक्त्यात एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस असे ठरवून दिलेले होते. म्हणजे कधी गिऱ्हाइकाचा पाव पैसा जायचा, कधी दुकानदाराचा.

आता दुकानात उधारीची वही होती. तीत प्रत्येकाच्या नावावर ओळीने बारीकसारीक रकमा: गूळ तीन आणे, चहा दोन आणे, काडेपेटी अमुक. या वह्या नव्या पैशांत उतरवायच्या होत्या. शेजारच्या दुकानदाराने एकेक ओळ तक्ता पाहून उतरवली. अण्णांनी तसे केले नाही. त्यांनी आधी प्रत्येकाच्या खात्याची बेरीज आणे-पैंतच केली आणि शेवटच्या एका आकड्याचेच रूपांतर केले. मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, ‘‘ओळीओळीला पाव पैसा इकडेतिकडे झाला, तर पानाच्या खाली कुणाचं तरी नुकसान साचतं. बेरीज एकदाच बदलली तर फार तर अर्ध्या पैशाचा फरक. नाणं सरकारनं बदललंय, देणं बदललेलं नाही.’’

पुढे वजने बदलली. शेर जाऊन किलो आला. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम, तेव्हा शेराला रुपया भाव असेल तर किलोला एक रुपया सात पैसे पडणार. पण गिऱ्हाइकाला ते सात पैसेच दिसत. जास्तीचा माल दिसत नसे. ‘‘वाण्यानं भाव चढवला!’’ अशी ओरड झाली. अण्णांनी काय करावे? तराजूच्या एका पारड्यात किलोचे वजन ठेवले, दुसऱ्यात जुना शेर ठेवला, आणि शेराच्या पारड्यात साखर टाकून काटा जुळवून दाखवला. पावणेसहा तोळ्यांच्या आसपास साखर पडली. ‘‘हे तुमचे सात पैसे,’’ ते म्हणत. आठवडाभर हा प्रयोग चालला. मग कोणी विचारायचे थांबले. या साऱ्या प्रकारात अण्णांना नव्या पद्धतीचे प्रेम होते असे मुळीच नाही. पायली, अधोली, चिपटे, कोळवे यांवर त्यांचा जीव होता. पण माप कशासाठी असते हे त्यांना कळत होते. देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला एकमेकांच्या तोंडाकडे संशयाने पाहावे लागू नये, यासाठी ते असते. ते साधत असेल तर शेर काय आणि किलो काय!

त्यांचे हे बोलणे मी तेव्हा ऐकले आणि विसरलो. ते आठवावे लागले ते पुण्यात, बँकेच्या काउंटरवर.

१९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते, आणि त्यानंतर जी भरती झाली तिच्यात माझी वर्णी लागली. त्या आधी बँकेची पायरी चढायची ती पगडीवाल्यांनी आणि पेढीवाल्यांनी. आता मंडईतल्या माळणी, हमाल, रिक्षावाले, धुणेभांडी करणाऱ्या बायका भीत भीत आत येऊ लागल्या. मला बचत खात्याचे टेबल मिळाले. चेक आला की लेजरात खातेदाराचे पान काढायचे, सही ताडायची, रक्कम वजा टाकायची, नवी शिल्लक मांडायची. तोवर तो माणूस हातातल्या पितळी टोकनाशी खेळत बाकावर बसलेला. महिनाअखेरीस साऱ्या शिलकांची जंत्री करून ती मुख्य खतावणीशी जुळवायची. ती जुळली नाही तर रात्र बँकेतच. आमच्या हेडक्लार्कनी एक मंत्र शिकवला होता: फरकाला नवाने नि:शेष भाग गेला तर समजावे की कुठेतरी आकड्यांची उलटापालट झाली आहे, ५४ चे ४५ झाले आहेत. या एका मंत्राने मला कितीतरी वेळा शेवटची बस मिळवून दिली.

पण माझ्या टेबलाचा खरा जीव होता तो व्याजाच्या नियमात. त्या काळी बचत खात्यावरचे व्याज रोजच्या शिलकीवर मिळत नसे. महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंत खात्यावर जी कमीत कमी शिल्लक असेल, तिच्यावर त्या महिन्याचे व्याज. आता पाहा, बाराव्या तारखेला कोणी दहा हजार रुपये भरले तर त्या महिन्यापुरते ते पैसे नसल्यासारखेच. एकोणतीस तारखेला कोणी सारे पैसे काढले आणि तीनच दिवसांनी परत भरले, तरी गेल्या महिन्याचे व्याज बुडाले. शिकल्यासवरल्या खातेदाराला हे ठाऊक असे. तो नऊ तारखेला धावत येई. ठाऊक नसे ते त्या माळणीला. ती पंधरा-सोळा तारखेला कनवटीच्या नोटा मोजून भरी आणि ‘‘येते साहेब’’ म्हणून जाई.

नियम सांगणे हे माझे काम आहे असे कोणत्याही परिपत्रकात लिहिलेले नव्हते. पण मी सांगू लागलो. ‘‘बाई, भरायचे असतील तर दहा तारखेच्या आत भरत जा. काढायचे असतील तर जमलं तर एक तारीख उजाडू द्या.’’ हे वाक्य मी इतक्या वेळा उच्चारले, की सहकारी मंडळींनी माझे नावच ‘दहा तारीख’ ठेवले. कोणी फोन केला तर शिपाई हाक मारी, ‘‘दहा तारीख, तुमचा फोन!’’ मला त्याचे वाईट वाटत नसे.

मग यंत्रे आली. बँकांच्या यांत्रिकीकरणाचा विचार करण्यासाठी रिझर्व्ह बँकेने डॉ. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. तिचा अहवाल १९८४ साली आला. युनियनशी १९८३ साली आणि पुन्हा १९९३ साली करार झाले. आमच्याकडे विरोध कडवा होता, आणि तो काही खुळेपणाचा नव्हता. ज्याचे अक्षर मोत्यासारखे आहे आणि ज्याची बेरीज कधी चुकत नाही, अशा माणसाला उद्या सांगितले की अक्षर नको आणि बेरीजही नको, तर त्याने आपले काय उरले असे विचारू नये? परिपत्रकात ‘सुधारित कार्यपद्धती’ असा शब्द असे. सुधारणा कोणाची आणि कशासाठी, हे मात्र त्यात कधी लिहिलेले नसे. कचेरीतल्या निम्म्या भांडणांचे मूळ मला वाटते तिथेच असते. माणसे बदलाला जेवढी भीत नाहीत तेवढी कारण न सांगता आलेल्या बदलाला भितात.

आमचे नशीब एवढेच, की त्या वेळचे मॅनेजर समजूतदार गृहस्थ होते. त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे लेजर आणि यंत्र काही महिने बरोबरीने चालवले. रोज संध्याकाळी दोन्हींच्या शिलका ताडायच्या. काम दुप्पट झाले आणि शिव्याही दुप्पट मिळाल्या. पण लेजर कधी बंद होणार याची तारीख त्यांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून ठेवली होती. नव्या पैशांबरोबर जुने आणेही काही वर्षे चलनात होते, त्याची मला आठवण झाली. जुन्यानव्याने एकत्र नांदण्याला मुदत हवी. आणि त्या मुदतीला शेवटही हवा, नाहीतर दोन सासवांच्या सुनेसारखी कचेरीची दशा होते.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. यंत्राने पहिल्यांदा सहामाही व्याज काढले, तेव्हा ते तपासायला त्यांनी बसवले आमच्या हेडक्लार्कना. यंत्राचे सर्वांत कडवे विरोधक ते! चार दिवस ते जाडा चष्मा लावून एकेक खाते हाताने मांडीत होते. पाचव्या दिवशी त्यांनी कागद खाली ठेवला आणि म्हणाले, ‘‘पैपैशी बरोबर आहे.’’ चेहऱ्यावर समाधान होते; आणि घरातले कोणी कायमचे गावाला निघाले की दिसते तसेही काहीतरी होते. पण त्या दिवसापासून शाखेत कोणी यंत्रावर शंका घेतली नाही. परीक्षकच असा बसवला होता, की निकालावर कोणी बोट ठेवू नये.

पुढचा प्रसंग माझ्या घरचा. २०००-०१ साली सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. झालेल्या नोकरीच्या दर वर्षामागे साठ दिवसांचा पगार, किंवा उरलेल्या नोकरीचा पगार, यांतले जे कमी ते एकरकमी. देशभरात एक लाखाहून अधिक माणसे त्या योजनेत बाहेर पडली. माझी नोकरी अठ्ठावीस वर्षांची. हिशेबाने छप्पन्न महिन्यांचा पगार हाती येत होता. वय पन्नास. मुलाचे शिक्षण अर्ध्यावर, घराचे हप्ते चालू. हेडक्लार्क निवृत्त होऊन गेलेच होते. बरोबरीचे तिघे अर्ज भरून मोकळे झाले. मीही अर्ज घरी आणला.

रात्री जेवणे झाल्यावर तो सौभाग्यवतींसमोर ठेवला आणि आकडे समजावून सांगितले. तिने सारे शांतपणे ऐकले. मग म्हणाली, ‘‘अहो, किती मिळतील ते कळलं. आता पैसे मिळाल्यावर रोज सकाळी दहा वाजता तुम्ही काय करणार, तेवढं सांगा.’’

मला उत्तर आले नाही. दुसऱ्या दिवशी मी एक कागद घेतला, मध्ये उभी रेघ मारली आणि दिवसभरात मी जी जी कामे करतो ती लिहू लागलो. डावीकडे यंत्राने घेतलेली: बेरीज, वजाबाकी, व्याज, जंत्री, ताळेबंद. ती बाजू भरभर भरली. उजवीकडे बराच वेळ काही सुचेना. मग एकेक आठवू लागले. ज्याला सही येत नाही त्याच्या अंगठ्याची ओळख. पासबुक हरवलेल्या म्हातारीची समजूत. आणि सर्वांत कठीण, खातेदार वारल्यावर टेबलासमोर येऊन उभी राहणारी त्याची बायको.

हा शेवटचा प्रकार ज्यांनी पाहिला नसेल त्यांना सांगतो. बँकेतल्या ठेवीला वारस म्हणून नाव लावण्याची, म्हणजे नामनिर्देशनाची सोय नियमांनी झाली ती १९८५ साली. त्या आधीच्या खात्यांवर तसे नाव नव्हतेच. नंतरच्याही कित्येकांवर नव्हते, कारण कोणी विचारले नव्हते. नाव असले की मृत्यूचा दाखला आणि ओळख दाखवून पैसे हाती पडत. नाव नसले की प्रतिज्ञापत्र, हमीपत्र, जामीनदार, रक्कम मोठी असेल तर कोर्टाचा वारस दाखला. पैसे तिच्याच नवऱ्याचे, समोरच्याच कपाटात. आणि तेराव्याच्या खर्चासाठी तिने सोन्याचे मणी मोडायचे.

मी अर्ज भरला नाही. मॅनेजरसाहेबांकडे जाऊन मी मृत खातेदारांच्या दाव्यांचे टेबल मागून घेतले. ते टेबल कोणालाच नको असे, त्यामुळे मागताक्षणी मिळाले!

आणि इथे यंत्राने माझे मन जिंकले. लेजरांच्या काळात कोणत्या खात्यावर वारसाचे नाव नाही हे शोधायचे तर हजारो पाने उलटावी लागली असती. पुढे शाखेची सारी माहिती नव्या प्रणालीत भरायची वेळ आली, तेव्हा ‘नामनिर्देशन’ असा एक रकानाच पडद्यावर होता. तो रिकामा असलेल्या खात्यांची यादी मी छापून मागितली. पानांमागून पाने निघत राहिली. ती मी काउंटरवर ठेवली. यादीतला माणूस पैसे काढायला आला की हाती आधी फॉर्म. ‘‘मी काय मरायला टेकलोय का?’’ असे खडसावणारेही भेटले. मी म्हणे, ‘‘आपण शतायुषी व्हा, पण इथे वहिनींचं नाव लिहा.’’ बहुतेक हसत आणि लिहीत. जे यंत्र माझी बेरीज घेऊन गेले होते, त्यानेच मला ती यादी दिली. अडतीस वर्षांतले माझे सर्वांत उपयोगाचे काम कोणते असे विचारलेत, तर मी त्या पानांकडे बोट दाखवीन. आता तर कायदा आणखी पुढे गेला आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्यावर चार जणांपर्यंत नावे लावता येतात.

निवृत्तीच्या वर्षी एक गंमत झाली. १ एप्रिल २०१० पासून बचत खात्याचे व्याज रोजच्या शिलकीवर मोजू लागले. दर होता साडेतीन टक्के. बारा जूनला भरलेल्या दहा हजारांवर आदल्या वर्षीपर्यंत जूनचे व्याज शून्य. आता एकोणीस दिवसांचे अठरा रुपये बावीस पैसे. इतक्या खात्यांची रोजची शिलकी धरून व्याज काढणे लेजर आणि टाक यांच्या बळावर कोणाला शक्य होते? ते यंत्रामुळे झाले. म्हणजे जन्मभर मी जो सल्ला देत आलो, तो एका रात्रीत निरुपयोगी ठरला. मित्रांनी थट्टा केली, ‘‘काय दहा तारीख, आता तुमचं कसं व्हायचं?’’ खरे सांगतो, मला इतका आनंद पगारवाढीनेही कधी झाला नव्हता. माळणीने आता वाटेल त्या दिवशी यावे! सल्ला देण्याची गरजच उरू नये, यासाठीच तर सल्ला द्यायचा असतो.

पुढच्या वर्षांत बँकांची नावेच एकमेकांत मिसळू लागली. २०१९ च्या एप्रिलमध्ये दोन बँका तिसरीत गेल्या; १ एप्रिल २०२० रोजी दहा बँकांच्या चार झाल्या. या धामधुमीत माझ्याही बँकेची पाटी उतरली. त्या रंगाची, त्या अक्षरांची सवय झालेला डोळा अजूनही त्या कोपऱ्यावर अडखळतो. वाईट वाटले हे कशाला नाकारू? पण आमच्या वाड्यातल्या एका आजींनी घाबऱ्या घाबऱ्या विचारले, ‘‘काका, पाटी बदलली, आता माझे पैसे?’’ तेव्हा माझे दु:ख बाजूला ठेवून मी त्यांच्याबरोबर शाखेत गेलो, नवे पासबुक घेतले, शिल्लक जुन्याशी ताडली, आणि वारसाचे नाव तसेच उतरले आहे ना, हे पाहून घेतले. पाटी कोणाची का असेना. आजींना रात्री झोप लागली पाहिजे.

तेव्हा वाचकहो, माझ्या गाठीला असलेले शहाणपण एवढेच. बदल दारात आला की त्याच्याशी भांडण्यापूर्वी किंवा त्याला ओवाळण्यापूर्वी एक कागद घ्यावा, मध्ये रेघ मारावी आणि आपण रोज काय करतो व ते कोणासाठी करतो, हे लिहून काढावे. जे ‘काय’ आहे त्यातले पुष्कळसे जाईल. ते जाऊ द्यावे. जे ‘कोणासाठी’ आहे ते मात्र हातचे सोडू नये. त्याला नवी साधने मिळत असतील तर ती पहिल्यांदा आपण उचलावीत.

हल्ली रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर मी बसतो. माझ्याच वयाची पाचसात मंडळी आपापले मोबाइल घेऊन येतात. फोनवरून पैसे पाठवण्याची युपीआय नावाची जी सोय २०१६ साली सुरू झाली, ती मी त्यांना शिकवतो. आधी नातवाकडून मी शिकलो. कोणी गोड बोलून फोन करतो, ‘‘तुम्हाला पैसे पाठवायचे आहेत, तेवढा पिन टाका,’’ आणि भल्या माणसाचे खाते रिकामे होते. म्हणून दर रविवारी पहिले वाक्य ठरलेले असते: ‘‘पैसे द्यायचे असतील तरच पिन लागतो, घ्यायला पिन लागत नाही.’’ हे इतक्या वेळा झाले आहे, की परवा एक गृहस्थ मला लांबून पाहून दुसऱ्याला म्हणाले, ‘‘ते बघा, पिनकाका आले.’’

नवे नाव मिळाले म्हणायचे!